भग्न दर्शनी दाताचे जतन व पुनर्घटन : कारधा परिसराच्या संदर्भात एक विवेचन

बीजशब्द : दंताघात, दर्शनी दात, दंतमज्जा, तुकड्याची पुनर्जोडणी, प्रथमोपचार

प्रस्तावना

वैनगंगेच्या एका तीरावर भंडारा शहर व समोरच्या तीरावर कारधा हे गाव वसलेले आहे. भंडाऱ्याहून रायपूरच्या दिशेने निघालेल्या प्रवाशाने नदीवरील पूल ओलांडला की कारधा लागते. शाळा-महाविद्यालयांत सायकलने व दुचाकीने ये-जा करणारे विद्यार्थी, महामार्गाची वर्दळ, नदीचा घाट आणि गावोगावची कबड्डीची मैदाने ही या परिसराची नित्याची दृश्ये होत. दात मोडण्याचे प्रसंगही अशाच ठिकाणी उद्भवतात. दंतवैद्यकाची प्राथमिक सोय भंडारा शहरात आहे. परंतु दातांच्या आघातावर सर्व विशेष शाखांचे उपचार एकाच छत्राखाली मिळतील असे जवळचे ठिकाण म्हणजे नागपूर होय. तेथील शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय १९६८ साली स्थापन झाले असून कारध्याहून ते साठ-पासष्ट किलोमीटर अंतरावर आहे.

एवढे अंतर पार करेपर्यंत दात वाचतो काय, हा प्रश्न येथील पालक व शिक्षक यांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. सर्वसाधारण समज असा की, समोरचा दात अर्ध्याहून अधिक मोडला की तो काढून टाकणे व पुढे कृत्रिम दात बसविणे हाच मार्ग उरतो. प्रस्तुत लेखात या समजाचे परीक्षण करावयाचे आहे. मोडलेल्या दाताचा खरा शत्रू अंतर नसून कोरडेपणा आहे. त्याखालोखाल दुसरा शत्रू म्हणजे घाई. दात उपटण्याची घाई आणि त्याची नस मारण्याची घाई या दोन्ही त्यात आल्या. दात मोडल्यानंतरच्या पहिल्या तासात जे घडते किंवा घडत नाही, त्यावर पुढील अनेक वर्षांचे भवितव्य अवलंबून असते. आणि त्या तासात जवळ असणारी व्यक्ती दंतवैद्य नसते. ती बहुधा शिक्षक असते.

प्राचीन उल्लेख

हा विचार सर्वस्वी आधुनिक आहे असेही नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात भग्नचिकित्सेच्या अध्यायात आघाताने हललेल्या दातांचा विचार आला आहे. तरुण व्यक्तीचे दात न मोडता केवळ हलले असून त्यांतून रक्त येत असेल तर ते दाबून पूर्ववत बसवावेत, बाहेरून थंड लेप द्यावा, आणि रुग्णाला कमळाच्या नाळेतून दूध पाजावे, असे तेथे सांगितले आहे. वृद्धाच्या हललेल्या दातांचा मात्र नाद सोडावा, असेही त्याच ठिकाणी म्हटले आहे. दात जागेवर बसविणे, त्यावर चावण्याचा भार पडू न देणे व वय पाहून निर्णय घेणे ही तिन्ही तत्त्वे आजच्या उपचारपद्धतीतही कायम आहेत. संस्कृतात दाताला ‘द्विज’ म्हणतात, कारण तो दोनदा जन्म घेतो. दुसऱ्यांदा जन्मलेला दात गेला तर तिसरा जन्म नाही, हे मात्र अनेकदा विसरले जाते.

आपल्याकडे पडलेला दुधाचा दात कौलांवर टाकण्याची प्रथा आहे. ती निरुपद्रवी आहे. तथापि पक्क्या दाताच्या तुटक्या तुकड्याकडेही त्याच उदासीनतेने पाहिले जाते, ही चिंतेची बाब आहे.

दाताची रचना व भंगाचे प्रकार

वरच्या जबड्यातील मधले दोन पटाशीचे दात आघाताला सर्वांत जास्त बळी पडतात. ते पुढे असतात, आणि ज्यांचे ओठ त्यांना पुरेसे झाकीत नाहीत अशा पुढे आलेल्या दातांच्या मुलांत हा धोका अधिक असतो. दाताचे बाह्य कवच म्हणजे दंतवल्क अर्थात इनॅमल. ते शरीरातील सर्वांत कठीण ऊतक असले तरी ठिसूळ असते. त्याखाली दंतिन असते. त्यात असंख्य सूक्ष्म नलिका असतात व त्या आतील दंतमज्जेपर्यंत पोहोचतात. व्यवहारात ज्याला ‘नस’ म्हणतात ती ही दंतमज्जा. तिच्यात रक्तवाहिन्या, चेतातंतू व दंतिन निर्माण करणाऱ्या पेशी असतात.

भंग केवळ दंतवल्कापुरता असेल तर कड घासून गुळगुळीत करणे किंवा थोडा रंगजुळता भराव देणे एवढे पुरते. दंतिन उघडे पडले तर थंड हवाही झोंबते, आणि नलिकांच्या वाटेने जिवाणू आत शिरू लागतात. मज्जा उघडी पडली तर तुटलेल्या पृष्ठभागाच्या मध्यभागी लाल ठिपका किंवा रक्ताचा थेंब दिसतो. सर्वांत बिकट भंग तो, जो हिरडीखाली उतरून मुळापर्यंत जातो. या प्रत्येक प्रकाराचा उपाय वेगळा आहे आणि डोळ्यांनी पाहून केलेला अंदाज क्ष-किरण चित्राशिवाय निर्णायक मानता येत नाही.

पहिला तास

समजा, कारध्याच्या पुलाजवळ नऊ वर्षांचा एक मुलगा सायकलवरून तोंडावर पडला आणि त्याच्या वरच्या पटाशीच्या दाताचा अर्धा भाग तुटला. प्रथम पाहावयाचे ते दाताकडे नव्हे. मूल शुद्धीवर आहे काय, उलटी झाली काय, जबडा नीट उघडतो-मिटतो काय, हे आधी पाहावे. शंका असल्यास दात बाजूला ठेवून रुग्णालय गाठावे. त्यानंतर तुकडा शोधावा. तो रस्त्यावर सापडला नाही आणि ओठ फाटलेला असेल, तर तो ओठातच रुतलेला असण्याची शक्यता असते. वरवर टाके घालून ओठ शिवला जातो आणि दाताचा तुकडा आत राहून जातो, अशी प्रकरणे दंतवैद्यकीय साहित्यात पुन्हा पुन्हा नोंदविली गेली आहेत. म्हणून तुकडा न सापडल्यास ओठाचेही क्ष-किरण चित्र घ्यावे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगणे योग्य. तुकडा श्वासमार्गात गेल्याची शक्यताही तपासून घ्यावी लागते.

सापडलेला तुकडा स्वच्छ पाण्यात किंवा दुधात बुडवून न्यावा. कागदात अथवा रुमालात गुंडाळून खिशात ठेवलेला तुकडा तासाभरात पांढुरका पडतो, कारण दंतिनमधील पाणी उडून जाते. असा तुकडा जोडला तरी रंग जुळत नाही व जोडही कमकुवत होतो. तरीही कोरडा तुकडा टाकून देऊ नये. आंतरराष्ट्रीय दंताघात संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार जोडण्यापूर्वी तो वीस मिनिटे पाण्यात किंवा सलाईनमध्ये भिजवावा.

याहून निकडीचा प्रसंग म्हणजे संपूर्ण दात मुळासकट निखळणे. येथे नियम बदलतो, आणि घोटाळा नेमका येथेच होतो. मुळाच्या पृष्ठभागावर दाताला हाडाशी बांधणाऱ्या अस्थिबंधाच्या जिवंत पेशी चिकटलेल्या असतात. त्या जगल्या तर दात पुन्हा रुजतो. साधारण साठ मिनिटे कोरड्या हवेत राहिल्यावर त्या वाचण्याची आशा जवळपास संपते. म्हणून दात वरच्या भागाला धरावा, मुळाला बोट लावू नये. माती लागली असल्यास दूध, सलाईन किंवा रुग्णाच्या लाळेने हलकेच धुवावे, घासू नये, आणि शक्य असल्यास तेथल्या तेथे खोबणीत बसवून मुलाला रुमाल चावून धरावयास सांगावे. ते धाडस होत नसेल तर दात थंड दुधात ठेवावा. साध्या पाण्यात या पेशी फुगून फुटतात, म्हणून साठवणीसाठी पाणी गैरसोयीचे, जरी कोरडे ठेवण्यापेक्षा तेही बरे. दुधाची क्षारता व आम्लता पेशींना सोसवणारी असते. साखर घातलेले दूध, ताक किंवा नासलेले दूध मात्र चालत नाही. नदीकाठी अपघात झाला म्हणून वैनगंगेच्या पाण्यात दात खळखळून घेणे हेही टाळावे. दुधाचा दात निखळल्यास तो कधीही परत बसवू नये, कारण त्याने वरच्या पक्क्या दाताच्या अंकुराला इजा होऊ शकते.

थोडक्यात, तुकडा ओला असावा आणि पूर्ण दात दुधात असावा. कारध्यातील कोणत्याही चहाच्या टपरीवर दूध मिळते. ज्या परिसरात दंतरोगतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर नाही, तेथे ही साधी वस्तू नागपूरपर्यंतचे अंतर अक्षरशः कमी करते. पूर्ण निखळलेल्या दाताच्या बाबतीत मात्र दुधात ठेवूनही वाटेत विनाकारण वेळ घालवू नये. भंडाऱ्यातील दंतचिकित्सकाकडे तो आधी बसवून घ्यावा व मग पुढे जावे, हेच श्रेयस्कर. धनुर्वाताच्या लसीची चौकशी त्याच ठिकाणी व्हावी.

तुकडा जोडण्यामागील शास्त्र

तुटलेला तुकडा दाताला चिकटविता येतो, याचे अनेक सुशिक्षितांनाही आश्चर्य वाटते. याचा पाया १९५५ मध्ये घातला गेला. अमेरिकेतील मायकेल बुओनोकोर यांनी दंतवल्कावर फॉस्फरिक आम्ल अल्पकाळ लावून त्याचा पृष्ठभाग सूक्ष्म खाचाखळग्यांचा केला. त्या खाचांत रेझिन शिरून घट्ट बसते, हे त्यांनी दाखविले. पुढे राफेल बोवेन यांच्या संशोधनातून १९६० च्या दशकात भक्कम संमिश्र रेझिन उपलब्ध झाले. रुग्णाच्या स्वतःच्या तुकड्याचा वापर करून दात उभा केल्याचा वृत्तान्त इस्रायलमधील चोसॅक व आयडेलमन यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केला. त्या वेळी मुळात धातूची खुंटी बसवून तुकडा जोडला होता. आम्लरेखनाचे तंत्र रुळल्यावर अशा खुंटीची गरज बहुतांश प्रकरणांत उरली नाही.

स्वतःच्या तुकड्याचे लाभ स्पष्ट आहेत. रंग, पारदर्शकता व कडेचा आकार यांची नक्कल करावी लागत नाही. दंतवल्क समोरच्या दाताइतकेच झिजते. खर्चही तुलनेने कमी येतो. मर्यादा अशी की, हा जोड मूळ दाताइतका बळकट नसतो आणि दुसऱ्या पडझडीत तो निसटू शकतो. पण निसटलेला तुकडा पुन्हा जोडता येतो. तुकडा नसेल तर संमिश्र रेझिनचे थर चढवून दात घडविला जातो. कुशल हातांनी केलेले हे काम ओळखू येत नाही, जरी काही वर्षांनी त्याला चकाकी देणे वा दुरुस्त करणे भाग पडते.

उघडी मज्जा : मारावी की जगवावी ?

वरील उदाहरणातील नऊ वर्षांच्या मुलाकडे पुन्हा वळू. त्याच्या तुटलेल्या दातात लाल ठिपका दिसतो आहे. ‘नस उघडी पडली, आता रूट कॅनॉल’ हा निष्कर्ष येथे बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. पटाशीचा पक्का दात सातव्या-आठव्या वर्षी उगवतो. त्याचे मूळ मात्र दहाव्या वर्षाच्या सुमारास पूर्ण होते. म्हणजे या मुलाच्या मुळाचे टोक अद्याप रुंद उघडे व भिंती पातळ असतात. मज्जा मारली तर मूळ जसे आहे तसेच कायमचे अपुरे राहते आणि असा दात पुढे हिरडीपाशी सहज मोडतो.

या संदर्भात स्वीडनमधील मिओमीर स्वेक यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मूलगामी ठरला. मज्जा उघडी पडलेल्या साठ पटाशीच्या दातांत त्यांनी संपूर्ण मज्जा न काढता केवळ वरचा सुमारे दोन मिलिमीटर भाग पाण्याच्या फवाऱ्याखाली हलकेच काढला आणि उरलेल्या निरोगी भागावर कॅल्शियम हायड्रॉक्साइड ठेवून दात बंद केला. यश ९६ टक्के दातांत मिळाले. विशेष म्हणजे काही रुग्ण आघातानंतर तासाभरात आले होते, तर काही कित्येक आठवड्यांनी. आघाताने उघडी पडलेली मज्जा किडीने कुजलेल्या मज्जेसारखी नसते. तिचा दाह पहिल्या काही दिवसांत वरच्या दोन-तीन मिलिमीटरपुरताच मर्यादित राहतो. येथे अंतराचा प्रश्न पुन्हा वेगळ्या रीतीने सुटतो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने नागपूर गाठले तरी मज्जा जगू शकते, मात्र तोवर भंडाऱ्यात तुटलेला पृष्ठभाग तात्पुरता झाकून घेतलेला असावा.

१९९३ नंतर कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद व सहकाऱ्यांनी विकसित केलेले एमटीए हे खनिज मिश्रण या कामी वापरात आले. ते मज्जेवर अधिक घट्ट व टिकाऊ आवरण निर्माण करते. तथापि दर्शनी दातात त्याने करडी छटा येते, हा त्याचा दोष होय. त्यामुळे दर्शनी दातासाठी डाग न पाडणारी नवी कॅल्शियम सिलिकेट सिमेंटे अधिक पसंत केली जातात. मज्जा आधीच मृत झाली असून मूळ अपूर्ण असेल तर टोकाशी अशाच सिमेंटची बूच बसविली जाते, अथवा मुळात रक्ताची गुठळी निर्माण करून ऊतकाची पुनर्निर्मिती घडवून आणली जाते. दुसरी पद्धत आशादायक असली तरी तिचे फलित प्रत्येक दातात सारखे येत नाही.

फारसे काही उरले नसेल तेव्हा

आता वीस वर्षांच्या महाविद्यालयीन कबड्डीपटूचा विचार करू. दात हिरडीलगत मोडला आहे, मुळाची वाढ पूर्ण झालेली आहे. येथे रूट कॅनॉल उपचार अपरिहार्य ठरतो. त्यानंतर मुळात पोस्ट बसवून त्यावर गाभा घडविला जातो व शेवटी क्राउन अर्थात कॅप दिली जाते. पोस्टने दात बळकट होतो, हा सर्वत्र पसरलेला गैरसमज आहे. पोस्ट केवळ गाभ्याला आधार देते. तिच्यासाठी मूळ जितके अधिक कोरावे तितके ते दुबळे होते. मुळाच्या टोकाशी चार ते पाच मिलिमीटर भराव अबाधित ठेवणे आवश्यक असते. धातूच्या ताठ पोस्टऐवजी काचतंतूंची पोस्ट वापरण्याकडे अलीकडे कल आहे. तिची लवचिकता दंतिनच्या जवळपास असल्याने ताण आला तर बहुधा पोस्ट वा गाभा निसटतो व मूळ वाचते.

कॅप टिकेल की नाही, हे पोस्टपेक्षा दुसऱ्याच गोष्टीवर ठरते. हिरडीच्या वर दाताची स्वतःची सुमारे दोन मिलिमीटर उंचीची भिंत चहूबाजूंनी उरली पाहिजे, म्हणजे कॅप तिला बैलगाडीच्या चाकाच्या धावेप्रमाणे आवळून धरते. ही भिंत नसेल तर ती मिळवावी लागते. एक उपाय म्हणजे हिरडी व हाड किंचित कमी करणे. परंतु दर्शनी भागात त्यामुळे शेजारच्या दातापेक्षा हा दात लांब दिसू लागतो. दुसरा उपाय अधिक सयुक्तिक आहे. तारेच्या साहाय्याने मूळच काही आठवड्यांत हळूहळू बाहेर ओढून घेतले जाते व नंतर काही काळ स्थिर ठेवले जाते. याला वेळ व फेऱ्या लागतात. कारध्याहून दर पंधरवड्याला नागपूरला जाणे ज्या कुटुंबाला मजुरी बुडवून करावे लागते, त्याच्यासमोर हा पर्याय ठेवताना फेऱ्यांची संख्या आधीच सांगणे हे चिकित्सकाचे कर्तव्य ठरते. उपचार अर्धवट सोडण्यापेक्षा कमी आदर्श पण पूर्ण होणारा उपचार अनेकदा हिताचा असतो.

मूळ उभे चिरले असेल तर दात वाचत नाही. तेथे आग्रह धरू नये.

कृत्रिम दात हा सोपा मार्ग का नव्हे

‘एवढी यातायात कशाला, काढून इम्प्लांट बसवू’ असा सल्ला शहरांत सहज मिळतो. वाढत्या वयाच्या मुलाला तो देणे अयोग्य आहे. इम्प्लांट हाडाशी थेट जखडलेले असते. जबडा वाढतो, शेजारचे दात त्याबरोबर खाली उतरतात, आणि इम्प्लांट मात्र जागच्या जागी राहून आखूड दिसू लागते. म्हणून जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे बहुधा विशीपर्यंत किंवा त्यानंतरही, थांबावे लागते. दरम्यान दात काढलेल्या जागेचे हाड झिजत जाते, विशेषतः ओठाकडील पातळ भिंत. म्हणजे नवव्या वर्षी काढलेला दात विसाव्या वर्षीच्या उपचारालाही अवघड करून ठेवतो. याउलट, फारसा चांगला न दिसणारा, जेमतेम उभा असलेला दातही ती जागा, ते हाड आणि हिरडीची कमान दहा वर्षे सांभाळतो. परत बसविलेला दात हाडाशी जखडून आखूड दिसू लागला, तरी तो उपटण्याऐवजी त्याचे वरचे शीर्ष काढून मूळ हाडात विरघळू देण्याची पद्धत स्वीडनमधील बार्ब्रो माल्मग्रेन व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मांडली. तिचाही हेतू हाड राखणे हाच होता.

पुढील देखरेख

आघातानंतर लगेच केलेल्या थंड किंवा विद्युत चाचणीला दात प्रतिसाद देत नाही, एवढ्यावरून मज्जा मेली असे मानता येत नाही. बधिर झालेले चेतातंतू पूर्ववत होण्यास तीन महिनेही लागू शकतात. म्हणून एकाच चाचणीवर रूट कॅनॉल ठरवू नये. मज्जा उघडी न पडलेल्या भंगात सहा ते आठ आठवड्यांनी व एक वर्षाने, तर मज्जा उघडी पडलेल्या भंगात सहा ते आठ आठवडे, तीन महिने, सहा महिने व एक वर्ष अशा अंतराने तपासणी आणि क्ष-किरण चित्र अपेक्षित असते. बहुतेक कुटुंबे दात पुन्हा उभा दिसला की परत येत नाहीत, कारण दुखत नाही. पण मज्जा मरते ती अनेकदा न दुखताच. दात हळूहळू करडा पडणे, हिरडीवर बारीक पुळी येऊन तिच्यातून पू झिरपणे, किंवा शेजारच्या दाताच्या तुलनेत त्याचे मूळ क्ष-किरण चित्रात खुंटलेले दिसणे ही तिची चिन्हे होत. यांपैकी पहिली दोन वर्गात समोर बसलेल्या विद्यार्थ्याच्या बोलण्या-हसण्यातून शिक्षकाच्या नजरेस पडू शकतात, आणि त्या वेळी अपघाताची तारीख, दात किती वेळ कोरडा होता व तो कशात ठेवला होता याची शाळेच्या नोंदवहीतील एक ओळ नागपूरच्या चिकित्सकाला फार उपयोगी पडते.